भिंत सिपोरेक्सची, गिलावा विटेचा

पेठ नाक्याला पुणे-बंगळूर महामार्ग सोडून सांगलीच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात इस्लामपूर येतं. दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसाला लागूनच प्लॉट पाडलेल्या नव्या वसाहती. पूर्वी अशा प्लॉटसमोर लाल विटांच्या थप्प्या लागायच्या. आता तिथं दोन फूट लांबीचे, पांढुरके-करडे, एका माणसानं सहज उचलावेत असे ठोकळे रचलेले दिसतात. बिलावर कंपनीचं नाव काहीही असो, गवंडी त्याला सिपोरेक्सच म्हणतो.

घर उभं राहतं, रंग लागतो, वास्तुशांत होते. पहिला पावसाळा सरतो आणि मालकाची नजर भिंतीवर जायला लागते. खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग निघालेली असते. बीमच्या खालून दुसरी आडवी गेलेली, कॉलमला लागून तिसरी उभी. पश्चिमेच्या भिंतीवर तर बारीक रेघांचं जाळंच पसरलेलं असतं. मग प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडे वळतं. मालक गवंड्याला धरतो, गवंडी ब्लॉकला नावं ठेवतो, ब्लॉकवाला म्हणतो आमचा माल टेस्ट केलेला आहे, आणि इंजिनिअर समजूत घालतो की भेग केसाएवढीच आहे, रंगात बुजून जाईल.

रंगात बुजते हे खरं, पण एखाद्या वर्षापुरतंच.

या भांडणात ब्लॉक बहुतेक वेळा निर्दोष असतो, आणि गवंड्याचा हातही चुकलेला नसतो. चूक असते ती घमेल्यातल्या मालात आणि कामाच्या वेळापत्रकात. पिढ्यान् पिढ्या भाजक्या विटेसाठी घोटवलेला गिलावा जसाच्या तसा एका निराळ्याच भिंतीवर चढवला जातो.

या निराळ्या भिंतीचा उगम स्वीडनमध्ये आहे. पहिल्या महायुद्धानंतर तिथं इमारती लाकडाची टंचाई होती. लाकडासारखी हलकी, थंडी अडवणारी, पण न जळणारी आणि न कुजणारी वस्तू हवी होती. आक्सेल एरिक्सन या वास्तुविशारदानं १९२४ साली त्याचं पेटंट घेतलं आणि १९२९ मध्ये यक्सहुल्ट इथं कारखान्यातून माल निघू लागला. इटाँग हे नाव त्या गावावरून आलं. सिपोरेक्स हा स्वीडनमधलाच दुसरा ब्रँड.

तो महाराष्ट्रात आणणारा माणूस मात्र इथला, कृष्णाकाठचाच म्हणायला हरकत नाही. बाबुराव गोविंदराव शिर्के हे वाई तालुक्यातल्या पसरणीचे. शाहीर साबळ्यांचंही गाव हेच. १९१८ साली शेतकऱ्याच्या घरात जन्म, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिक्षण, १९४४ मध्ये स्वतःची बांधकाम कंपनी, २००३ मध्ये पद्मश्री. बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल त्यांच्याच कंपनीनं उभारलं. सत्तरच्या दशकात त्यांनी स्वीडिश कंपनीशी तांत्रिक करार करून पुण्यात सिपोरेक्सचा कारखाना सुरू केला. पुढं देशभर शेकडो कंपन्या तसलेच ब्लॉक काढू लागल्या, पण पश्चिम महाराष्ट्राच्या तोंडी जे नाव बसलं ते बसलंच.

आज सिपोरेक्सला जी गती आली आहे तिला आणखी कारणं आहेत. औष्णिक वीजकेंद्रांची राख कुठं टाकायची, हा प्रश्न मोठा झाल्यावर केंद्र सरकारनं १९९९ मध्ये अधिसूचना काढून बांधकाम साहित्यात राख वापरण्याची सक्ती आणली. सुरुवातीला ती वीजकेंद्राभोवतीच्या ५० किलोमीटरपुरती होती. २०१६ मध्ये हे अंतर ३०० किलोमीटरपर्यंत नेलं गेलं. दुसरीकडं नदीकाठची माती आणि वीटभट्टीवरचा माणूस, दोन्ही महागले. शिवाय कोयनेचा परिसर जवळ. ११ डिसेंबर १९६७चा भूकंप सातारा-सांगलीकडच्या जुन्या माणसांना अजून आठवतो, आणि भिंत जितकी हलकी तितका भूकंपाचा दणका कमी, हे इंजिनिअरला मालकाला वेगळं समजवावं लागत नाही. नऊ इंची विटेच्या भिंतीचा एक चौरस मीटर चारशे किलोच्या आसपास भरतो. आठ इंची सिपोरेक्सचा, कोरडा असताना, सव्वाशे-दीडशे किलो.

हा हलकेपणा येतो पोकळीतून. राख, सिमेंट, चुना आणि थोडं जिप्सम यांच्या घोळात चिमूटभर अॅल्युमिनियमची पूड पडते. चुन्याशी तिची रासायनिक क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि घोळ फुगून वर येतो. मग त्याचे तारेनं तुकडे कापतात आणि ऑटोक्लेव्ह नावाच्या बंद टाकीत सुमारे १८०-१९० अंशांच्या वाफेत, दहा-बारा पट वातावरणीय दाबाखाली, दहाएक तास शिजवतात. बाहेर येणारा ठोकळा करवतीनं कापता येतो, पण त्याच्या पोटात वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. पुढच्या भेगांचं पहिलं बीज हे पाणी. ते सुकताना ब्लॉक आकसतो. भारतीय मानक २१८५च्या तिसऱ्या भागात या आकसण्याला मर्यादा घातली आहे: पहिल्या प्रतीच्या ब्लॉकला ०.०५ टक्के, दुसऱ्या प्रतीच्या ब्लॉकला ०.१ टक्का. आकडा क्षुल्लक वाटतो. दहा फुटांच्या भिंतीत तो अनुक्रमे दीड आणि तीन मिलिमीटर होतो. कारखान्यातून ट्रकनं थेट प्लॉटवर आलेले ब्लॉक आठवड्यात भिंतीत बसले आणि पंधरवड्यात त्यांच्यावर गिलावा चढला, तर हे सगळं आकसणं गिलाव्याच्या पाठीमागं घडतं.

त्यात भर घालतं आपलं पाणी. भाजकी वीट हौदात बुडवून, बुडबुडे थांबेपर्यंत भिजवायची, हा गवंडीकामाचा पहिला धडा, आणि विटेसाठी तो बरोबरच आहे. कोरडी वीट मालातलं पाणी झटक्यात ओढून घेते. सिपोरेक्सची तऱ्हा उलटी. तो पाणी सावकाश ओढतो, पण ओढतच राहतो, आणि खोलवर साठवून ठेवतो. त्याला नळीनं झोडपलं की तो कारखान्यातून निघाला तेव्हाइतकाच ओला होतो आणि आकसण्याचा खेळ पहिल्यापासून सुरू होतो. या ब्लॉकच्या बांधकामासाठी १९८५ची सुधारित भारतीय संहिता आहे, आयएस ६०४१. तिचंही सांगणं हेच, की ब्लॉक भिजवायचे नाहीत; फार तर पृष्ठभाग जरासा ओलसर करावा. इस्लामपूर-आष्ट्याकडच्या साइटवर मात्र सकाळी सहाला मोटर सुरू होते आणि भिंतीवरून पाणी ओघळायला लागलं की मालकाला समाधान वाटतं.

दुसरं समाधान सिमेंटचं. ‘एक पोतं जास्त घाला, पण काम मजबूत करा’, हे वाक्य न बोललेला घरमालक विरळा. बाहेरचा गिलावा म्हणजे एकास चार, आणि मालक उभा असेल तर एकास तीन. आता आकडे शेजारी ठेवून पाहावेत. विटांच्या बांधकामाच्या आयएस १९०५ या संहितेत मालांच्या किमान ताकदीचा तक्ता आहे. एकास तीन सिमेंट-वाळूची ताकद दर चौरस मिलिमीटरला १० न्यूटन, एकास चारची साडेसात, एकास सहाची ३. आणि ज्याच्यावर हा माल चढणार तो नेहमीच्या घनतेचा पहिल्या प्रतीचा ब्लॉक? ४ न्यूटन. म्हणजे अंगापेक्षा अंगरखा दुपटीनं ताठ. सिमेंट जास्त तितका गिलावा सुकताना अधिक आकसतो, आणि ताठ असल्यामुळं ताण पोटात जिरवू शकत नाही. मग एक तर तो स्वतः फाटतो, नाही तर ब्लॉकचा वरचा पापुद्रा सोबत घेऊन सुटतो. ठोकून पाहिलं की अशी जागा पोकळ वाजते.

गिलाव्याचा जुना नियम असा की आतून बाहेर येताना प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा कमकुवत हवा. भाजक्या विटेच्या भिंतीवर एकास चारही खपून जायचा, म्हणून हा नियम कोणाला आठवत नव्हता.

जर्मनांनी हा धडा आधी गिरवला. तेलाच्या किमती भडकल्यावर सत्तरच्या दशकात त्यांनी घरं उबदार ठेवण्यासाठी भिंती हलक्या, सच्छिद्र करत नेल्या आणि बाहेरून नेहमीचा सिमेंट-चुन्याचा गिलावा दिला. भेगांच्या तक्रारी वाढल्या. त्यातून हलक्या गिलाव्यांची एक वेगळी जातच पुढं आली: वाळूचा काही भाग काढून त्याजागी पर्लाइटसारखे हलके दाणे घातलेला, मुद्दाम कमी ताकदीचा माल. आजच्या युरोपीय मानकात, ईएन ९९८-१ मध्ये, गिलाव्यांचे ताकदीनुसार चार वर्ग आहेत, आणि अशा भिंतींसाठी सहसा खालचे दोन सुचवले जातात. त्यातल्या दुसऱ्या वर्गाची वरची मर्यादा ५ न्यूटन, पहिल्याची अडीच. आपल्याकडं एवढा कमी आकडा मालकाला सांगितला तर तो कंत्राटदारच बदलेल.

भिंत उष्णता अडवते म्हणून गिलाव्याला भेगा का पडाव्यात? कारण एप्रिलच्या दुपारी पश्चिमेच्या भिंतीवर पडलेलं ऊन विटेच्या भिंतीत आत झिरपायचं. भिंत तापायची आणि गिलाव्याचा ताप तेवढा हलका व्हायचा. सिपोरेक्स ते ऊन आत घेत नाही. त्याचीच तर आपण किंमत मोजलेली असते. मग सगळी उष्णता बाहेरच्या पाऊण इंचात कोंडते. गडद रंग असेल तर गिलावा साठ अंशांच्या आसपास जातो. आणि मग चारच्या सुमाराला ढग भरून येतात, वळवाचा पाऊस कोसळतो आणि दहा मिनिटांत तीच भिंत पस्तीस अंश खाली येते. एवढ्या फरकानं दहा फुटांचा सिमेंटचा गिलावा साधारण एक मिलिमीटर आखडू पाहतो. पाठीमागचा ब्लॉक मात्र जागच्या जागीच असतो. इस्लामपूरच्या वाळवा तालुक्यात जूनपासूनचा पाऊसही त्याच बाजूनं, पश्चिमेच्या वाऱ्यानं येतो. ऊन तिथंच, मारा तिथंच. घराच्या चारही बाजूंना एकच माल आणि एकच रंग लावण्याचा आपला शिरस्ता म्हणूनच पटत नाही. पश्चिमेला निदान फिका रंग तरी द्यावा.

वाळूचं प्रकरण वेगळं लिहावं एवढं मोठं आहे, इथं थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१२ मध्ये दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात लहान उत्खननालाही पर्यावरण परवानगी बंधनकारक केली. कृष्णेची वाळू मिळेनाशी झाली आणि काळा दगड फोडून केलेली क्रश सँड घमेल्यात आली. तिच्यात दगडाची पिठी असते. काँक्रीटच्या आयएस ३८३ या मानकात ७५ मायक्रॉनहून बारीक भाग नदीच्या वाळूत ३ टक्के चालतो, तर फोडलेल्या वाळूत १५ टक्के. काँक्रीटला ही सूट परवडते. गिलाव्यात पिठी वाढली की माल थापीवरून छान सरकतो, गवंडी खूश होतो, पण पाणी जास्त लागतं आणि ते सुकताना जाळं पडतं. एका उभ्या काचेच्या बरणीत वाळू आणि पाणी हलवून तीन तास ठेवावं. वर बसलेला पिठीचा थर आठ टक्क्यांच्या पुढं गेला, तर ती वाळू गिलाव्याला नको, हा साइटवरचा जुना ठोकताळा आहे. प्लॅस्टरसाठी धुतलेली, चाळलेली वाळू वेगळी मिळते. ब्रासमागं वाचवलेले पैसे पुढं रंगाऱ्याला द्यावे लागतात.

मग काम करावं कसं? सुरुवात ट्रक रिकामा होतो तिथून. ब्लॉक जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचायचे, ताडपत्रीनं झाकायचे आणि किमान तीनचार आठवडे मुरू द्यायचे. बांधताना कंपनीचं चिकटवणारं मॉर्टर असेल तर सांधा तीन-चार मिलिमीटरचा. सिमेंटचाच माल असेल तर तो एकास सहाच्या वर मजबूत नको. दिवसाला चार-पाच फुटांच्या वर भिंत चढवू नये. खिडकीच्या खालच्या पातळीला आणि लिंटेलला आरसीसीची पाटली सलग फिरवावी. खिडकीच्या कोपऱ्यातली ती तिरकी भेग बहुतेक घरांत याच पाटलीच्या कंजुषीतून आलेली असते. शेवटचा थर बीमला घट्ट ठासून बसवण्याची घाई तर सगळ्यांत महागात पडते: वरचा स्लॅब अजून वाकायचा असतो, भिंत अजून आकसायची असते. तिथं बोटभर फट सोडून, दोनेक आठवड्यांनी ती दबणाऱ्या फोमनं किंवा न आकसणाऱ्या मालानं भरावी. वायरिंगचे खाचे छिन्नी-हातोड्यानं फोडू नयेत, कटरनं कापावेत, आणि ते गिलाव्याआधीच भरून सुकलेले असावेत.

कॉलम-बीम आणि ब्लॉक यांच्या सांध्यावर जाळी लागते हे आता सगळ्यांना माहीत आहे. लावतात कशी, तिथंच घोटाळा होतो. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी खिळ्यांनी भिंतीला चिकटवून ठोकली, की ती गिलाव्याच्या तळाशी राहते आणि वरचा भाग मोकळाच फाटतो. जाळी सांध्याच्या दोन्ही बाजूंना निदान सहा-सहा इंच यावी, गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा असलेली असावी आणि भिंतीपासून थोडी सुटी राहावी. त्याहून बरी, सिमेंटच्या क्षाराला टिकणारी काचतंतूची जाळी; ती पहिला थर ओला असताना त्याच्या बाहेरच्या अंगाला दाबून बसवायची. काँक्रीटवर टाचे मारायचे. ब्लॉकवर मात्र टाच्यांची गरज नाही, तिथं ब्रशनं धूळ झाडली तरी पुरे.

भिंतीवर पाण्याचा हलका फवारा मारून आधी एकास तीनच्या पातळ मालाचे खरबरीत ठिपके शिंपडतात. इथं एकास तीन चालतो, कारण सुट्या ठिपक्यांना एकमेकांना ओढता येत नाही. ते घट्ट झाले की मुख्य थर, बारा ते पंधरा मिलिमीटरचा, आणि तो सुकून त्याच्या भेगा पाडून झाल्या की दुसरा, आठ-दहा मिलिमीटरचा. भेगा पाडून झाल्या की, हे मुद्दाम लिहिलं आहे. पहिल्या थराला पडायच्या त्या पडू द्याव्यात. जर्मन गवंडी दर मिलिमीटरला एक दिवस थांबतात. आपण एकाच दिवशी दोन्ही हात उरकतो. मालात पोत्यामागं १२५ ग्रॅम पॉलिप्रॉपिलिनचे बारीक तंतू मिसळले तर सुरुवातीच्या आकसण्याच्या भेगा बऱ्याच आवरतात. गिलाव्यावर सात दिवस पाणी हवंच, पण फवाऱ्यानं आणि दिवसातून अनेकदा. उन्हाच्या बाजूला ओलं गोणपाट टांगलेलं उत्तम. गुरमाळा जास्त घोटू नये, वरून कोरडं सिमेंट भुरभुरून गुळगुळीत करणं तर पूर्ण बंद करावं. जाळीदार रेघांचा तो हमखास रस्ता आहे.

आणि मुख्य माल? एक सिमेंट, एक चुना, सहा वाळू. ताकद एकास सहाएवढीच, ३ न्यूटन, पण चुन्यामुळं माल पाणी धरून ठेवतो, थोडं वाकून घेतो आणि बारीक भेगा काही अंशी स्वतःच भरून काढतो. चुना म्हटलं की गवंडी हसतात. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि घाट अठराव्या शतकापासून उभे आहेत, त्यांच्या सांध्यांत सिमेंटचा कणही नव्हता. घाणीत बैलानं मळलेल्या, गूळ-हिरड्याचं पाणी घातलेल्या चुन्याकडं परत जा, असं कोणी म्हणत नाही. पोत्यातली हायड्रेटेड चुनापूड पुरते, ती आदल्या दिवशी भिजत घालायची. ज्यांना ही उठाठेव नको, त्यांनी ब्लॉकसाठीचाच म्हणून विकला जाणारा तयार प्लॅस्टरचा माल घ्यावा आणि पोत्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घालावं. महाग पडतो, पण ब्लॉकची भिंत सरळ असल्यामुळं जाडी कमी लागते, हेही हिशेबात धरावं.

एवढं सगळं माहीत असूनही काम बिघडतं, त्याचं कारण पैशाच्या रचनेत आहे. गिलाव्याचा ठेका ब्रासवर किंवा चौरस फुटावर असतो. टोळी रोज जितकी भिंत उरकेल तितकी तिची कमाई. परांची भाड्यानं आणलेली, तिचं मीटर चालू. थांबण्याचे दिवस कोणाच्याच बिलात लिहिलेले नसतात, म्हणून ते कोणी पाळत नाही. ठेक्याच्या कागदावर ‘दोन थर, मध्ये बारा दिवस’ असं लिहून त्या बारा दिवसांच्या परांचीचं भाडं मालकानं स्वतःकडं घेतलं, तर निम्म्या भेगा तिथंच मिटतील.

भेग पडलीच, तर ती कशाची हे आधी ओळखावं. वाळवा तालुक्याची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. पाया तिच्यात उथळ असेल तर खालून वर रुंद होत जाणारी भेग येते, आत-बाहेर दोन्हीकडं दिसते. तिला गिलावा जबाबदार नाही आणि गिलाव्यानं ती बुजणारही नाही. तिथं इंजिनिअरच हवा. बाकी भेगांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख लिहावी आणि एक पावसाळा, एक उन्हाळा पाहावा. खूण ओलांडून भेग पुढं गेली नाही, तर ती थांबली. ०.२ मिलिमीटरपर्यंतची थांबलेली भेग चांगल्या बाह्य रंगाखाली निभते. त्याहून मोठी असेल तर इंग्रजी व्हीच्या आकारात खरवडून, लवचीक भरणा आणि जाळीची पट्टी लावून बंद करावी. बाहेरून वाफही न जाऊ देणारा रबरी रंग फासून प्रश्न मिटत नाही. भिंतीतली ओल आतल्या बाजूला सरकते.

दिवाळीनंतर बांधकामांचा हंगाम सुरू होतो, आणि बहुतेकांचा बाहेरचा गिलावा एप्रिल-मे महिन्यात, पावसाच्या धाकानं, ऐन उन्हात होतो. सिपोरेक्सचं घर बांधणाऱ्यानं ब्लॉकची ऑर्डर दिवाळीनंतर लगेचच द्यावी, ते झाकून मुरू द्यावेत, आणि पश्चिमेच्या भिंतीचा दुसरा थर शिमग्याच्या आत संपवावा. त्या दिवशी साइटवर हजर राहावं, आणि गवंड्यानं मालात जादा सिमेंट घालायला घेतलं तर त्याला थांबवावं.